वेगाची गोष्ट (भाग ७) : जिंकलं कोण, माणूस की मशीन?

मागच्या भागात अश्वशक्ती कशी मोजतात ते पाहिलं. आज त्याहून अवघड मोजमाप हाती घेऊ. दुचाकींत रॉसी मोठा की मार्केझ? मोटारींत सेना मोठा की शूमाकर? आणि जुनी माणसं ज्याचं नाव घेतात तो फान्जिओ या सगळ्यांत कुठे बसवायचा? हा वाद जगभर चालतो, पण बारामतीला तो घालायचा जास्तीचा हक्क आहे. ज्या एप्रिलियावर व्हॅलेंटिनो रॉसीनं आपली पहिली दोन जागतिक अजिंक्यपदं मिळवली, त्याच नावाच्या गाड्या आज आपल्या एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यातून बाहेर पडतात. शेजारच्या इंदापूर तालुक्याचं नातं तर आणखी जुनं आहे. कळंबच्या माळावर साखर कारखाना काढून वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि देशातल्या शर्यतींत पुढे वर्षानुवर्षं धावलेली फियाट याच कंपनीनं घडवली.

बैलगाडा शर्यत पाहणाऱ्याला या प्रश्नाची अर्धी उकल आधीच ठाऊक असते. आपल्या जिल्ह्यात निकाल लावायच्या दोन रीती आहेत. उत्तरेला खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांत बारी एकटी पळते, तिची लढत घड्याळाशी असते आणि निकाल सेकंदांत लागतो. इकडे बारामती-इंदापूरला, पलीकडे फलटण, माण-खटावला छकडे शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकदम सुटतात. आधी गट, मग सेमी फायनल, मग फायनल, आणि जो पुढे निघाला तो जिंकला. घाटातले सेकंद दुसऱ्या घाटातल्या सेकंदांशी कुणी जाणकार ताडून पाहत नाही. लांबी वेगळी, चढ वेगळा, माती वेगळी. शेजारच्या चाकोरीतली जोडी मात्र त्याच मातीवर, त्याच उन्हात पळालेली असते. मोटारींच्या शर्यतीतही घड्याळ फसवतं आणि शेजारी खरं सांगतो. ते कसं, हे पुढे पाहू.

घड्याळ कसं फसवतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण इटलीतल्या मोंझाचं. ५ सप्टेंबर १९७१ ला तिथे पीटर गेथिननं बीआरएम गाडीतून ताशी २४२.६ किलोमीटरच्या सरासरी वेगानं फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली. पहिले पाच जण ०.६१ सेकंदाच्या आत होते. गेथिन मोठा चॅम्पियन नव्हता, त्याच्या कारकिर्दीतला फॉर्म्युला वनचा हा एकमेव विजय. तरी सर्वांत वेगवान शर्यतीचा हा विक्रम ३२ वर्षं टिकला आणि २००३ मध्ये मोंझातच शूमाकरनं मोडला. मधल्या काळात गाड्या मंदावल्या होत्या का? मुळीच नाही. १९७२ पासून मोंझाच्या सरळ रस्त्यांवर वेग तोडणारी वळणं घातली गेली. रस्ता बदलला, म्हणून आकडा बदलला. वेगाच्या तक्त्यावरून थोरवी ठरवायची तर गेथिन हा लॉडा, प्रॉस्ट आणि सेना यांच्याही वर जाऊन बसेल.

एकूण विजयांची बेरीज तर घड्याळाहून फसवी. १९५० मध्ये वर्षाला ७ शर्यती होत्या, २०२४ मध्ये २४. शूमाकरचे ९१ विजय ३०६ शर्यतींत आहेत, म्हणजे शंभरात साधारण ३०. जिम क्लार्कचे २५ विजय ७२ शर्यतींत, शंभरात ३५. हुआन मॅन्युएल फान्जिओचे २४ विजय ५१ शर्यतींत, शंभरात ४७. टक्का लावला की यादी उलटी होते. पण टक्क्यालाही आंधळेपणानं मानू नये. क्लार्कच्या काळात गाडी शेवटच्या फेरीपर्यंत धड पोचेल याची खात्री नसे. १९६२ आणि १९६४ या दोन्ही वर्षी अजिंक्यपद हाताशी आलेलं असताना मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत त्याच्या लोटसमधून तेल गळालं आणि मान दुसऱ्याला मिळाला. १९६४ ला तर मेक्सिकोत शेवटचीच फेरी चालू होती. आजचा चॅम्पियन असं एखाद्या वर्षी भोगतो, तेव्हा ते वारंवार घडे.

गुण देण्याचे नियमही बदलत गेले. १९८८ ची मॅकलरेन एमपी४/४ घ्या. तिनं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. आयर्टन सेनानं ८, अ‍ॅलन प्रॉस्टनं ७. वर्षभराचे सगळे गुण मोजले तर प्रॉस्टचे १०५ होतात आणि सेनाचे ९४. पण त्या वर्षी प्रत्येकाच्या सर्वोत्तम ११ निकालांचेच गुण धरायचे होते, त्यामुळे हिशेब ९० विरुद्ध ८७ झाला आणि सेना जगज्जेता ठरला. गाडी तीच, शर्यती त्याच, फक्त नियम आजचा लावला की चॅम्पियन बदलतो. सेनाच्या नावावर एक अजिंक्यपद कमी झालं असतं. म्हणून 'तीन वेळा विजेता', 'चार वेळा विजेता' अशा आकड्यांवर मी फार भार टाकत नाही.

मग भार टाकायचा कशावर? शेजारच्या चाकोरीवर. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात, एकाच कारखान्यात, एकाच नकाशावरून बनलेल्या. बाकीच्यांशी हरलो तर गाडीकडे बोट दाखवता येतं, सहकाऱ्याशी हरलो तर येत नाही. त्याच १९८८ मध्ये सेनानं सुरुवातीची पहिली जागा, म्हणजे पोल, १३ वेळा मिळवली, प्रॉस्टनं २ वेळा. एका फेरीचा निव्वळ वेग सेनाकडे होता, यात शंका उरत नाही. पण संपूर्ण शर्यत टायर, इंधन आणि ब्रेक जपत चालवण्यात प्रॉस्ट असा तरबेज होता की ७ शर्यती जिंकून उरलेल्यांपैकी ७ मध्ये तो दुसरा आला. दोघांची जात वेगळी होती आणि ती एकाच गाडीत बसल्यामुळे दिसली. २००७ मध्ये मॅकलरेनमध्येच दोन वेळचा जगज्जेता फर्नांडो अलोन्सो आणि पहिल्याच वर्षी उतरलेला लुईस हॅमिल्टन एकत्र होते. दोघांचेही १०९ गुण झाले आणि ११० गुणांवर फेरारीचा किमी रायकोनन अजिंक्यपद घेऊन गेला. हॅमिल्टननं पुढे मिळवलेल्या सात अजिंक्यपदांतली सहा मर्सिडीझची, आणि 'गाडीनं जिंकवलं' हे त्याला सारखं ऐकावं लागतं. माझ्या लेखी त्या आरोपाचं उत्तर २००७ च्या १०९ गुणांत आहे.

दुसरी कसोटी मला याहून प्रिय आहे, आणि इथे दुचाकीवाले मोटारवाल्यांच्या पुढे जातात. माणूस तोच ठेवा आणि मशीन बदला.

एप्रिलिया ही इटलीत व्हेनिसजवळच्या नोआले गावची कंपनी. तिनं २५० सीसी गटात १९९४, १९९५ आणि १९९६ अशी सलग तीन वर्षं मॅक्स बियाजीच्या हातून अजिंक्यपद मिळवलं. १९९७ मध्ये बियाजी होंडावर गेला आणि तिथेही जिंकला. म्हणजे जादू माणसात होती? थांबा. १९९८ मध्ये एप्रिलियावर लॉरिस कापिरोसी जिंकला. म्हणजे मशीनही तितकंच अव्वल होतं. माणूस आणि मशीन, दोघांनी एकमेकांवाचून स्वतःला सिद्ध केलं, असा स्वच्छ पुरावा शर्यतींच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

रॉसीनं एप्रिलियावर १९९७ मध्ये १२५ सीसीचं आणि १९९९ मध्ये २५० सीसीचं अजिंक्यपद घेतलं. मग सर्वांत वरच्या गटात होंडावर २००१, २००२, २००३. तेव्हा होंडा इतकी सरस होती की लोक म्हणू लागले, हिच्यावर कुणीही जिंकेल. रॉसी होंडा सोडून यामाहाकडे गेला. यामाहाला १९९२ नंतर वरच्या गटात अजिंक्यपद मिळालेलं नव्हतं. १८ एप्रिल २००४ ला दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला यामाहावरची पहिलीच शर्यत त्यानं जिंकली, ती होंडावरच्या बियाजीला मागे ठेवून. त्या वर्षी १६ पैकी ९ शर्यती आणि अजिंक्यपदही त्याचंच. मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रॉसी एकटा गेला नव्हता. जेरेमी बर्जेस हा त्याचा मुख्य मेकॅनिक आणि त्याच्यासोबतची बहुतेक माणसं होंडा सोडून त्याच्याबरोबर आली होती. चॅम्पियनच्या नावाखाली ही माणसं नेहमी झाकली जातात आणि ते मला खटकतं.

याच रॉसीनं २०११ आणि २०१२ ही दोन वर्षं डुकाटीवर काढली. बर्जेस सोबत होता, पैसा होता, इटालियन कंपनी आणि इटालियन नायक. एकही विजय नाही. पहिल्या तिघांत तो अवघा ३ वेळा आला. आणि त्याच्या आधी डुकाटीवर बसणारा केसी स्टोनर? त्यानं २००७ मध्ये तिच्यावरून अजिंक्यपद घेतलं होतं, २०१० मध्येही तीन शर्यती जिंकल्या होत्या, आणि २०११ मध्ये होंडावर जाऊन लगेच पुन्हा जगज्जेता झाला. या एका तुलनेमुळे माझ्या मनात स्टोनरची जागा त्याच्या दोन अजिंक्यपदांपेक्षा खूप वर आहे. मार्क मार्केझचंही तसंच. होंडावर सहा वेळा वरच्या गटाचं अजिंक्यपद, मग मोडलेला हात, शस्त्रक्रिया, मागे पडलेली होंडा. २०२४ मध्ये त्यानं दुसऱ्या फळीच्या संघाकडून वर्षभर जुनी डुकाटी चालवून तीन शर्यती जिंकल्या आणि २०२५ मध्ये कंपनीच्या लाल डुकाटीवर पुन्हा अजिंक्यपद घेतलं.

जुन्या पिढीतला जाकोमो अगोस्तिनी १५ जागतिक अजिंक्यपदांचा आणि १२२ विजयांचा धनी. त्याच्यावर आरोप असा की १९६७ अखेर होंडानं माघार घेतल्यावर त्याच्या एमव्ही अगुस्ताला तोडच उरली नव्हती. आरोपात तथ्य आहे. पण त्यानंच १९७४ मध्ये यामाहाच्या टू-स्ट्रोकवर जाऊन १९७५ चं ५०० सीसीचं अजिंक्यपद मिळवलं, आणि आरोपाची धार बोथट केली.

या कसोटीवर मोटारींमध्ये कोण टिकतो? फान्जिओ. पाच अजिंक्यपदं आणि चार कंपन्या : अल्फा रोमिओ, मर्सिडीझ, फेरारी, मासेराती. १९५५ च्या जानेवारीत अर्जेंटिनातल्या भयंकर उन्हात तीन तासांची शर्यत त्यानं एकट्यानं चालवली. बाकी बहुतेकांनी मध्येच गाडी दुसऱ्याच्या हाती दिली होती, तेव्हा तशी मुभा होती. याच मुभेचा त्याला पुढे फायदाही झाला. १९५६ ला मोंझात त्याची फेरारी बंद पडली, तेव्हा पीटर कॉलिन्सनं स्वतःच्या अजिंक्यपदाची संधी सोडून आपली गाडी त्याला दिली. चौथं अजिंक्यपद मोजताना कॉलिन्सला विसरू नये.

आणि ४ ऑगस्ट १९५७, न्युरबुर्गरिंग. एक फेरी २२.८ किलोमीटरची, डोंगरातून, झाडांतून. फान्जिओ ४६ वर्षांचा. त्यानं मासेराती २५०एफमध्ये अर्धीच टाकी इंधन आणि मऊ टायर घालून सुरुवात केली. हलक्या गाडीनं आघाडी घ्यायची, मध्ये थांबून टायर-इंधन घ्यायचं, असा बेत. थांब्याला नको तेवढा वेळ गेला आणि कॉलिन्स, हॉथॉर्न यांच्या दोन फेरारी पाऊण मिनिटाहून पुढे निघून गेल्या. मग त्यानं फेरीमागून फेरी विक्रम मोडले. शर्यतीआधी त्यानंच नोंदवलेली सर्वोत्तम वेळ ९ मिनिटं २५.६ सेकंद होती, पाठलागात ती ९ मिनिटं १७.४ सेकंदांवर आली. शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही ओलांडलं. त्याच्या चोवीस विजयांतला हा अखेरचा. त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर, दोन दिवसांत माणूस स्वतःपेक्षा आठ सेकंदांनी वेगवान झाला, तेव्हा ते आठ सेकंद मशीनच्या खात्यावर टाकायला मी तयार नाही. ताजे टायर धरूनही नाही.

आपल्या देशात हा गुंता एका वेगळ्या वाटेनं सुटला. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा देशात मिळणाऱ्या गाड्याच मुळात दोन-तीन. वालचंदांच्या कंपनीची १,०८९ सीसीची फियाट त्यांतली लाडकी. सगळ्यांकडे तेच इंजिन, मग फरक पडे तो कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट आणि सिलिंडर हेड घासणाऱ्या मेकॅनिकच्या हाताचा. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती घडवली. स्वस्त आणि सर्वांना सारखी. तिच्यावरच नारायण कार्तिकेयन तयार झाला.

आता पुन्हा बारामतीकडे. इथे बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ ही ४५७ सीसीची आणि सुमारे ४७ अश्वशक्तीची. रॉसी-बियाजींच्या २५० सीसीच्या टू-स्ट्रोक शर्यती गाड्या ९० अश्वशक्तीच्या पुढे जात. निम्म्याच्या आसपास इंजिनातून जवळजवळ दुप्पट ताकद. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या दर फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक, हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे ते इंजिन काही शे किलोमीटरांनी उघडून सुटे भाग बदलायचं होतं. आपल्याला गाडी वर्षानुवर्षं, सरकारी प्रदूषण नियमांत बसवून चालवायची असते. म्हणून नाव एक असलं तरी दोन मशिनांची तुलना आकड्याला आकडा लावून करता येत नाही.

आकड्यांचा आणखी एक नमुना कार्तिकेयनचाच. १९ जून २००५ ला अमेरिकेत इंडियानापोलिसला तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. त्या शर्यतीत २० पैकी फक्त ६ गाड्या धावल्या. उरलेल्या १४ गाड्या सुटण्याआधीच्या फेरीनंतर आत वळल्या, कारण त्यांचे मिशेलिन टायर तिथल्या तिरक्या, वेगवान वळणावर भरवशाचे राहिले नव्हते. टायरची भिंत का खचते, आणि कार्तिकेयनच्या ब्रिजस्टोनला त्याच वळणावर काहीच का झालं नाही, ते पुढच्या आठवड्यात.