हेदालचे काष्ठमंदिर

देवालय म्हटले की पाषाणाची घडण डोळ्यांपुढे उभी राहते. नॉर्वे देशातील तेलेमार्क प्रांताच्या हेदाल गावचे चर्च मात्र पायाचे दगड वगळता आपादमस्तक लाकडाचे आहे. तेथील रूनी लिपीतील एका कोरीव लेखावरून इ. स. १२४२ हे त्याच्या समर्पणाचे वर्ष मानले जाते. ते कुमारी मातेच्या, मेरीच्या नावे अर्पिले होते.

मध्ययुगात नॉर्वेत अशी हजारांहून अधिक काष्ठमंदिरे उभी राहिली. आज उरली ती अवघी अठ्ठावीस. त्यांत हेदालचे सर्वांत मोठे. लांबी सुमारे २० मीटर, उंची सुमारे २६ मीटर. छपरावर छपरे चढत गेली आहेत, बाहेरून प्रदक्षिणामार्गासारखी ओवरी आहे आणि दारांच्या चौकटींवर वेली व प्राणी कोरलेले आहेत.

लाकूड आठ शतके टिकले कसे? पूर्वी खांब जमिनीत पुरत. ओलाव्याने त्यांचे बूड कुजे. पुढे कारागिरांनी दगडी पायावर जाड तुळया आडव्या ठेवल्या आणि त्यांवर खांब उभे केले. खांबाला तेथे ‘स्टाव’ म्हणतात. त्यावरूनच या मंदिरांना ‘स्टावकिर्के’ हे नाव पडले. बाहेरच्या लाकडाला पाइन वृक्षाच्या डांबराचा लेप पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

लोककथा सांगते, की राउद नावाच्या शेतकऱ्याला एका अनोळखी कारागिराने अट घातली : सूर्यचंद्र आणून दे, हृदयाचे रक्त दे किंवा माझे नाव ओळख. काम तीन दिवसांतच पुरे होत आले. चिंतातुर राउद रानात भटकत असता त्याच्या कानी अंगाईगीत पडले : उद्या फिन चंद्र घेऊन येईल! दुसऱ्या दिवशी त्याने कारागिराला नावाने हाक मारली आणि तो सुटला. फिन होता राक्षसकुळीचा. घंटानाद असह्य होऊन तो सहकुटुंब गाव सोडून गेला.

खरे संकट मात्र माणसांच्याच हातून आले. १८४९ ते १८५१ या काळात झालेल्या जीर्णोद्धारात जुने रूप पुष्कळ बिघडले. तब्बल शतकानंतर, १९५० च्या दशकात, ते रूप परिश्रमपूर्वक पुन्हा साधण्यात आले.

आजही उन्हाळ्यात तेथे उपासना होते, विवाह लागतात. पाषाण उपेक्षा सोसतो. लाकडाला पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा लागते. हेदालचे मंदिर त्या सेवेवरच उभे आहे.