नाताळच्या पाकिटावर नटराज

धाराशिव ते सोलापूर अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. पण निजामाच्या राजवटीत इथून सोलापूरच्या आप्तांना नाताळचे कार्ड धाडायचे म्हटले की ते परमुलखाचे टपाल ठरे. सोलापूर ब्रिटिश मुंबई इलाख्यात आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, हैदराबाद संस्थानात. संस्थानाने 1869 पासून स्वतःची टपाल तिकिटे काढली होती, पण ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. परांडा किंवा औरंगाबादला पत्र टाकायचे तर निजाम सरकारचे तिकीट. सोलापूर, पुणे, मुंबईला टाकायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे. कार्डावर कोणते चित्र शोभेल हा प्रश्न नंतरचा. कोणाचे राज्य चिकटवायचे हे आधी ठरवावे लागे.

निजामाची तिकिटे मात्र न्याहाळून पाहण्यासारखी आहेत. सुरुवातीच्या तिकिटांवर फारसी-इंग्रजीबरोबर तेलुगू आणि मराठीतही मजकूर असे. 1931 च्या चित्रमालिकेत एका आण्यावर चारमिनार, चार आण्यांवर उस्मानसागर, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बिदरचा मदरसा आणि रुपयावर दौलताबादचा मिनार होता. मुसलमान राजाच्या तिकिटावर बौद्ध लेणी आली, आणि अजिंठा व दौलताबाद ही दोन स्थळे तर आपल्या मराठवाड्यातलीच. त्या काळी संस्थानातल्या एखाद्या ख्रिस्ती शिक्षकाने बीडच्या मित्राला जाडजूड नाताळभेट पाठवून आठ आण्यांचे तिकीट लावले असते, तर येशूजन्माच्या शुभेच्छा भिक्खूंच्या दारातून गेल्या असत्या.

हैदराबाद सप्टेंबर 1948 मध्ये भारतात आले आणि 1950 साली संस्थानी तिकिटांचा व्यवहार संपला. त्यानंतर हातात आली ती 15 ऑगस्ट 1949 ची पुरातत्त्वीय मालिका. सोळा तिकिटांचा तो संच म्हणजे खिशात मावणारी तीर्थयात्राच. नऊ पैंवर घारापुरीची त्रिमूर्ती, दोन आण्यांवर नटराज, तीन आण्यांवर सांचीचे तोरण, सहा आण्यांवर विजापूरचा गोलघुमट, आठ आण्यांवर खजुराहोचे मंदिर, बारा आण्यांवर सुवर्णमंदिर, पाच रुपयांवर ताजमहाल, पंधरा रुपयांवर पालिताण्याचे जैन मंदिर. एका आण्याच्या बोधिसत्त्वाची मजा वेगळीच: मूर्तीचे चित्र आरशातल्यासारखे उलटे छापले गेले आणि 1950 मध्ये ते सरळ करून तिकीट पुन्हा काढावे लागले. एवढ्या सगळ्या देवळा-घुमटांत चर्च मात्र एकही नव्हते. दोन आण्यांचे तिकीट लावले की नाताळच्या पाकिटावर नटराज यायचा. मला यात विसंगती वाटत नाही. आपल्याकडे नेहमीची तिकिटेच देवस्थानांची होती, त्यामुळे वेगळे 'धार्मिक तिकीट' मागायला कोणी खिडकीशी गेले नसावे.

पश्चिमेत गोष्ट अगदी उलट झाली. तिथे नाताळची तिकिटे खास काढावी लागली, आणि त्यातही धर्म असावा की नुसता सण, हा वाद होता. हंगेरीने 1943 मध्ये येशूजन्माचे दृश्य तिकिटावर आणले. अमेरिकेचे 1962 चे पहिले नाताळ तिकीट पुष्पचक्राचे आणि मेणबत्त्यांचे. मेरी आणि बालयेशू यायला 1966 उजाडले. त्याच वर्षी ब्रिटनने आपली पहिली नाताळ तिकिटे मुलांकडून चितारून घेतली. एकावर स्नोमॅन आणि दुसऱ्यावर पूर्वेकडचा राजा. तो राजा चितारणारी तस्वीर शेमझा तेव्हा सहा वर्षांची होती, आणि तिचे वडील अन्वर जलाल शेमझा हे पाकिस्तानातून आलेले चित्रकार.

भारतात ख्रिस्ती विषयाचे तिकीट नाताळच्या तोंडावर आले ते 2 डिसेंबर 1964 रोजी, पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय सोहळ्यासाठी मुंबईत उतरले त्याच दिवशी. 15 पैशांच्या त्या तिकिटावर संत थॉमस होते. चित्र इटलीतल्या ऑर्तोना इथल्या पुतळ्यावरून घेतलेले. परंपरेनुसार संताचे अवशेष आज तिथेच आहेत. पुढे 1974 च्या डिसेंबरात गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर आले, 1980 मध्ये मदर तेरेसा, आणि 1989 मध्ये 60 पैशांवर पंडिता रमाबाई. मराठी ख्रिस्ती घराने कार्डासाठी एकच तिकीट निवडायचे झाले, तर माझे मत रमाबाईंना. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणणाऱ्या बाईंइतका योग्य चेहरा दुसरा कुठला? टपाल खात्याने 2008 मध्ये थेट नाताळ हाच विषय घेऊनही तिकिटे काढली.

अडचण अशी की ही सगळी स्मारक तिकिटे. एकदा छापली, खपली, संपली. नेहमीच्या तिकिटांसारखी पुन्हा छापत नाहीत. त्यात ग्रीटिंग कार्ड पाठवण्याची आपली रीत काटकसरीची होती. पाकिटाची जीभ चिकटवायची नाही, नुसती आत खोचायची आणि वर ठळक 'बुक पोस्ट' लिहायचे, म्हणजे कमी दरात काम भागे. स्मारक तिकिटे बहुधा पूर्ण पत्रदराची निघत, त्यामुळे संत थॉमस हवे असले तर जीभ चिकटवून पूर्ण पैसे मोजणे आले. ज्यांना नवी तिकिटे चुकवायची नसतात ते 200 रुपये भरून टपाल खात्याकडे फिलाटेली ठेव खाते उघडतात; तिकिटे घरपोच येतात.

धाराशिवकरांना ख्रिस्ती धर्मगुरूचा मान करण्याची सवय टपालामुळे नाही, साहित्यामुळे लागली. जानेवारी 2020 मध्ये इथे 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नगरीला नाव होते तेरच्या संत गोरोबाकाकांचे आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल'चे कर्ते. आपल्या संतांनाही टपाल खाते विसरलेले नाही: नामदेवांचे तिकीट 1970 मध्ये निघाले आहे, एकनाथ आणि तुकारामही आहेत. नाताळच्या कार्डावर नामदेव लावले तर पोस्टमन काही विचारणार नाही.

यातले काहीच मिळाले नाही तर 2011 पासून 'माय स्टॅम्प' आहे. आपला फोटो द्यायचा, 300 रुपये भरायचे आणि 12 तिकिटांचे पान घ्यायचे. म्हणजे पाच रुपयांचे तिकीट पडते पंचवीसला. परदेशातल्या लेकीला पाठवायचे असेल तर पाचाचे एक पुरत नाही, बरीच लावावी लागतात, आणि मग पाकिटावर पत्ता लिहायला जागा शोधावी लागते.