काचेमागचं रान

आमच्या पुण्याच्या कसब्यातल्या वाड्यात दिवेलागणीला मोरीतून चिचुंद्री निघायची. भिंतीच्या कडेकडेनं, चिक् चिक् करत, नाक पुढे काढून ती अंगण ओलांडायची आणि मागे तो तिचा उग्र दर्प रेंगाळायचा. आजी केरसुणी घेऊन धावायची. एकदा आजोबांनी तिला थांबवलं. "अगं, उंदीर नव्हे तो," म्हणाले आणि कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून आम्हा मुलांपुढे ठेवलं. त्यात चिचुंद्री उंदरांच्या जवळपासही नव्हती. तिची जागा कीटक खाणाऱ्या प्राण्यांत होती. धान्याला तिच्यापासून भय नाही, भय आहे ते झुरळांना. आजीनं केरसुणी खाली ठेवली, पण मोरीला जाळी मात्र बसवून घेतली.

ते पुस्तक होतं 'द बुक ऑफ इंडियन अ‍ॅनिमल्स'. लेखक एस. एच. प्रेटर. पुस्तक रानात हिंडणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असतं. लेखकाबद्दल विचारलं तर कुणी शिकारी साहेब असणार एवढंच उत्तर मिळतं. तेही अपुरंच आहे. प्रेटर हे मुंबईच्या संग्रहालयातले क्युरेटर होते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रानात गेला नाही, खोक्यांत, खणांत, चिठ्ठ्यांत आणि काचेच्या कपाटांत गेला.

स्टॅन्ली हेन्री प्रेटर यांचा जन्म 1890 साली निलगिरीत झाला. वडील कॉफीचे मळेवाले. शिक्षण मुंबईत, माझगावच्या सेंट मेरीज शाळेत. 1907 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नोकरीला लागले. 1923 मध्ये तिचे क्युरेटर झाले आणि 1947 पर्यंत त्या जागेवर राहिले. म्हणजे एकाच संस्थेत चाळीस वर्षं.

ही संस्था 15 सप्टेंबर 1883 रोजी सुरू झाली. सुरुवातीचे सभासद आठ. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, हे मला नेहमी मोलाचं वाटतं. आत्माराम पांडुरंग प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले, तर सखाराम अर्जुन वनस्पतींचे जाणकार. पहिल्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात झाल्या, ज्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. पुढे फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्यानं फोर्टातल्या आपल्या दुकानात जागा दिली. तिथे पाळलेला एक धनेश पक्षी संस्थेचा इतका लाडका झाला, की तो आजही तिच्या बोधचिन्हावर बसलेला आहे.

सभासदांत बरेच जण हौशी शिकारी होते. मारलेलं जनावर, पकडलेला साप, सापडलेलं अंडं अशा वस्तू देशभरातून संस्थेकडे येत राहिल्या. संस्थेनं 1911 साली सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी सुरू केली, आणि तिचा पहिला मुक्काम आपल्या खानदेशात होता. पुढची बारा वर्षं ती चालू राहिली. वाघ-बिबट्यांपेक्षा या पाहणीत उंदीर, खारी, वटवाघळं, चिचुंद्र्या यांना अधिक महत्त्व होतं, कारण त्यांच्याकडे तोवर फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. प्रत्येक कातड्याला एक चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर ठिकाण, तारीख, नर की मादी, लांबी हे सारं लिहायचं. चिठ्ठी गळून पडली तर कातड्याची किंमत शून्य. प्रेटर याच शिस्तीत वाढले. मला वाटतं, त्यांच्या पुस्तकाची बांधणी या चिठ्ठीतूनच आली असावी. प्रत्येक प्राण्याची आधी स्थानिक नावं, मराठी नावंसुद्धा. मग आकार, ओळखीच्या खुणा, कुठे आढळतो, आणि शेवटी सवयी. कुठेही फापटपसारा नाही.

मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, 1922 च्या जानेवारीत लोकांसाठी खुलं झालं. त्याच्या निसर्ग विभागाला संग्रह मिळाला तो या संस्थेकडून, आणि विभागाची धुराही तिच्या क्युरेटरकडे आली. इथे प्रेटर यांच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. अभ्यासकाला खणात उताणं ठेवलेलं, डोळ्यांत कापूस घातलेलं कातडं पुरतं. गिरगावातून मुलाबाळांना घेऊन आलेल्या माणसाला त्यातून काय कळणार?

तोवर आपल्याकडे 'पेंढा भरलेला वाघ' हाच प्रकार रूढ होता. कातडं सोलायचं, आत पेंढा कोंबायचा, शिवून टाकायचं. पोट फुगलेलं, मान कुठल्या कुठे, चेहऱ्यावर बावळट भाव. जिवंत वाघ पाहिलेल्याला ते बघवत नसे, आणि न पाहिलेल्याला वाघ असाच असतो असं वाटे. पश्चिमेकडच्या संग्रहालयांत एव्हाना निराळी पद्धत आली होती. अमेरिकेत कार्ल एकली या कारागिरानं पेंढ्याला रजा दिली होती. आधी प्राण्याची मापं घ्यायची, मग त्याचे स्नायू, त्याचा पवित्रा शाडूत घडवायचा, त्यावरून साचा काढून हलका पुतळा ओतायचा, आणि त्यावर कमावलेलं कातडं चढवायचं. भोवती त्याचं रान उभं करायचं. खरी माती, हुबेहूब पानं, आणि मागच्या वळणदार भिंतीवर रंगवलेला डोंगर, ज्यात जमीन कुठे संपली आणि चित्र कुठे सुरू झालं ते डोळ्याला उमगू नये. याला डायोरामा म्हणतात. हे तंत्र पाहायला प्रेटर इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्रहालयांत जाऊन आले, आणि मुंबईच्या निसर्ग दालनात त्यांनी ते उतरवलं.

मी कसब्यात वाढलो, त्यामुळे हे काम मला तांबट आळीच्या भाषेत कळतं. आमच्याकडे हंड्यावर मठारकाम होतं तेव्हा बघणाऱ्याला वरचे चमकते ठोके दिसतात. पण कारागीर सांगतो, की आधी आकार उतरला पाहिजे. आकार फसला तर ठोक्यांनी तो झाकत नाही. जनावराचंही तसंच आहे. गव्याच्या खांद्यावरचा उंचवटा आत घडला नसेल, तर वरच्या कातड्याची चकाकी काय कामाची?

शाळेच्या सहलीत मी पहिल्यांदा मुंबईच्या त्या दालनात गेलो. गवा, वाघ, रोहित पक्ष्यांचा थवा, धनेश. बाकीची पोरं वाघापाशी गर्दी करून होती. मी धनेशासमोर उभा राहिलो. अंड्यांवर बसायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून तिला चारा भरवतो, हे मला माहीत नव्हतं. पुण्यात परतल्यावर आठवडाभर मी घरात तेवढंच सांगत होतो.

याच विभागात 1926 साली एक तरुण 'गाइड लेक्चरर' म्हणून रुजू झाला. लोकांना दालनातून फिरवायचं आणि समजावून सांगायचं, हे त्याचं काम. त्याचं नाव सालिम अली. त्यांचं पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 मध्ये आलं, आणि प्रेटर यांचं प्राण्यांवरचं 1948 मध्ये. भारतीय रानाची ओळख करून देणारी ही दोन पुस्तकं लिहिणारी माणसं सामान्य माणसाला काय समजतं आणि काय समजत नाही, हे संग्रहालयाच्या फरशीवर उभं राहून शिकली होती. दोन्ही पुस्तकं टिकली याचं कारण मला यातच दिसतं.

प्रेटर यांच्या पुस्तकाचं बीज मात्र जुनं होतं. 1933 च्या सुमारास त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात देशातले वन्यप्राणी आणि त्यांच्या रक्षणाचा प्रश्न यांवर दीर्घ लेखन केलं. शेतकऱ्याला आपलं पीक राखण्याचा हक्क आहे हे मान्य करूनच त्यांनी वन्यजीवांसाठी राखीव, सुरक्षित रानं मागितली. संस्था शिकाऱ्यांच्या हौसेवर उभी राहिलेली, आणि तिचाच क्युरेटर बंदुकीला आवर घाला म्हणतो, याला धैर्य लागतं. त्यांचा इशारा किती खरा होता ते पुढे दिसलं. 1947 साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. भारतातल्या रानातल्या मूळच्या चित्त्याची ती शेवटची पक्की नोंद मानतात. पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं.

त्यांच्या आयुष्याला राजकारणाचीही बाजू होती. अँग्लो-इंडियन समाजाचे ते पुढारी होते, मुंबई कायदेमंडळात बसले, नंतर संविधान सभेतही होते. स्वातंत्र्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि 1960 मध्ये वारले. ज्या देशाचं संविधान घडवणाऱ्या सभेत ते बसले, ज्या देशातल्या प्राण्यांची स्थानिक नावं त्यांनी कसोशीनं नोंदवली, तिथे त्यांना अखेरची वर्षं काढता आली नाहीत, याची मला हळहळ वाटते.

आमचा वाडा आता पडला. त्या जागी इमारत आहे, पण पावसाळ्यात तिच्या जिन्याखाली चिचुंद्री अजून येते. मुंबईला जाल तेव्हा मुलांना त्या दालनात जरूर न्या. वाघापाशी घाई करू नका. एखाद्या काचेसमोर त्यांना पाच मिनिटं गप्प उभं राहू द्या, मागच्या रंगवलेल्या डोंगरापर्यंत नजर जाऊ द्या. आणि घरी चिचुंद्री दिसली तर तिला मारू नका. ती उंदीर नव्हे.