उपकरणाची नोंद खारीज करताना

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा रस्त्यालगत, विमानतळाच्या शेजारी पसरलेल्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा कंपन्यांची कार्यालये उभी राहिली, आणि खापरी, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या शिवारात आता रात्रपाळीला दूरदेशीच्या संगणकांची देखभाल होऊ लागली. तेथल्याच एका कार्यालयात, युनिक्सच्या सहवासात केस पिकलेल्या एका प्रशासकाशेजारी बसून, एक जुनी डिस्क सर्व्हरच्या दप्तरातून कमी करण्याचे काम मी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले. तो सर्व्हर दूरच्या एका डेटा सेंटरमध्ये होता. त्यामुळे जी वस्तू काढावयाची तिचे दर्शन या गृहस्थांना पडद्यावरील नोंदीवाचून अन्य मार्गाने घडण्याचा संभवच नव्हता.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. उपकरणालाही फाईलीप्रमाणेच नाव द्यावे आणि ते 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत ठेवावे, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. त्या डिरेक्टरीची तपशीलवार यादी मागितली असता, साध्या फाईलीच्या ओळीत जेथे आकारमान दिसते तेथे उपकरणाच्या ओळीत दोन अंक दिसतात : पहिला कोणत्या ड्रायव्हरकडे जावयाचे ते सांगतो, दुसरा त्या ड्रायव्हरच्या ताब्यातील नेमके कोणते उपकरण ते सांगतो. लिनक्समध्ये ८ आणि १६ हे अंक 'एसडीबी'चे, तर १ आणि ३ हे जे मिळेल ते गिळून टाकणाऱ्या 'नल'चे. पूर्वी ही नोंद 'एमकेनॉड' या आज्ञेने प्रशासकाला हाताने करावी लागे; लिनक्सवर २००३ पासून 'यूडेव्ह' नावाची व्यवस्था ती आपोआप करू लागली. तथापि ती फाईल म्हणजे दारावरची पाटी होय. पाटी पुसली म्हणजे घर पडत नाही, आणि 'एसडीबी' ही फाईल पुसली तरी कर्नलच्या लेखी ती डिस्क जागेवरच असते.

आमच्यासमोरचा सर्व्हर मात्र आयबीएमच्या एआयएक्सचा होता, आणि तेथे दप्तराचा कारभार अधिक काटेकोर. प्रत्येक उपकरणाची नोंद ओडीएम या अंतर्गत भांडारात राहते आणि 'एलएसडेव्ह' म्हटले की नावापुढे त्याची अवस्था दिसते : चालू असेल तर 'अव्हेलेबल', नोंद आहे पण उपकरण वापरात नाही असे असेल तर 'डिफाइन्ड'. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, आरएमडेव्ह दिलं की डिस्क जाते ना?" प्रशासक म्हणाले, "नुसतं दिलंस तर डिफाइन्ड होऊन बसते. ज्याची जमीन संपादनात गेली, पण फेरफार झाला नाही, त्याचं नाव सातबाऱ्यावर राहतं ना, तसं." मिहानच्या भूमीवर बसून याहून समर्पक दाखला कोणाला सुचला असता, असे मला वाटत नाही.

नोंद समूळ काढण्यासाठी त्या आज्ञेत 'डी' हे अक्षर मिळवावे लागते. परंतु ती आज्ञा शेवटची. तत्पूर्वी त्यांनी 'एलएसपीव्ही'ची यादी काढून 'एचडिस्क५' या नावापुढील सोळा अक्षरांचा ओळखक्रमांक स्टोरेज विभागाकडून आलेल्या कागदाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिला. मग त्या डिस्कवरची फाईल सिस्टिम अनमाउंट करावयास गेले, तो यंत्राने ती वापरात असल्याचे कळवून साफ नकार दिला. त्यांनी 'फ्यूजर'ची आज्ञा देऊन अडवणूक करणारा प्रोसेस शोधला. कोणीतरी त्याच डिरेक्टरीत टर्मिनल उघडे टाकून उठून गेले होते. त्या व्यक्तीला फोन करून ते बंद करवले, आणि मगच अनमाउंट, त्यामागून व्हॉल्यूम ग्रुप बंद, नंतर त्याची निर्यात, अशा क्रमाने वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत ते उतरत गेले. हा क्रम चुकवून चालू व्हॉल्यूम ग्रुपमधील डिस्कवर आधीच हात घातला असता, तर यंत्राने ०५१४-०६२ हा दोषक्रमांक देऊन उपकरण व्यग्र असल्याचे बजावले असते. सारे थर उतरल्यावर 'आरएमडेव्ह -डीएल एचडिस्क५' अशी आज्ञा दिली, आणि 'एचडिस्क५ डिलीटेड' एवढ्या एका ओळीत निकाल लागला.

इतके होऊनही काम संपले, असे मानण्यास ते तयार नव्हते. दूरच्या स्टोरेजवरून ती डिस्क या सर्व्हरला अद्याप दाखविली जात असेल, तर 'सीएफजीएमजीआर' चालवताच, अथवा यंत्र पुन्हा सुरू होताच, ती नव्याने दप्तरी दाखल होते. म्हणून स्टोरेज विभागाकडून ती जोडणी तोडल्याचा निरोप येताच त्यांनी स्वतः ती आज्ञा चालवून यादी पुन्हा वाचली; यादीत चारच्या पुढे थेट सहा होता. उलट क्रमाने, म्हणजे आधी जोडणी तोडून मग नोंद काढावयाची असे केले असते, तर यंत्र बेपत्ता डिस्कला हाका मारीत दोषांच्या दप्तरात ओळींमागून ओळी लिहीत राहिले असते. उपकरण आणताना वस्तू आधी आणि नोंद मागाहून, नेताना नोंद आधी आणि वस्तू मागाहून, हा त्यांचा शिरस्ता होता.

रिकामा झालेला पाचवा क्रमांक एआयएक्स पुढे जोडल्या जाणाऱ्या एखाद्या सर्वस्वी भिन्न डिस्कला देऊन टाकते. तेव्हा जुन्या टिपणात 'एचडिस्क५' एवढेच लिहिलेले असेल, तर ते विश्वासाने वाचणारा पुढचा मनुष्य भलत्याच डिस्कवर आज्ञा चालवील. हे ओळखून प्रशासकांनी कामाच्या नोंदवहीत नाव लिहिले, परंतु त्याच्या आधी तो सोळा अक्षरांचा ओळखक्रमांक आणि स्टोरेजवरील क्रमांक लिहिला, व त्या तरुणाकडून तो मोठ्याने वाचवून घेतला.