भस्माची कोरी पुडी
रसशास्त्राने पारा, शिसे, सोमल यांना औषधांत स्थान दिले, ते शोधन-मारणाच्या कडक अटींवर. पाण्यावर तरंगेल, बोटाच्या रेषांत शिरेल तेच भस्म उत्तीर्ण! या कसोट्यांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्या भस्माचा बारीकपणा सांगतात, रक्तात शिसे किती उतरेल हे नव्हे. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदीय औषधे तपासली असता १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. पारा-सोमलाच्या सीलबंद औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे कायद्याने आवश्यक आहे. छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीपासून सिडकोपर्यंत, रोग्याच्या हाती पुष्कळदा पडते ती मात्र कोरी पुडी. तीवर भस्माचे नाव, मात्रा व निर्माता वैद्याने लिहिलाच पाहिजे; शासनानेही तसा नियम करावा.