गाभे अनेक, चित्र एक

संगणकावरील खेळांच्या जगात नवे ग्राफिक्स कार्ड येण्याच्या कितीतरी महिने आधी त्याविषयीच्या अटकळींचा बाजार भरतो. या बाजारात एक भाकीत वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वर्तविले जात आहे : येणाऱ्या कार्डावर एका मोठ्या चिपऐवजी अनेक गाभे असतील आणि त्या प्रमाणात खेळाचा वेगही वाढेल. गाडीला एका बैलाऐवजी दोन जुंपले की ओढ दुप्पट, असा हा सरळ हिशेब. परंतु एका जुवाखालच्या दोन बैलांची चाल एक नसेल तर गाडी रस्ता सोडते, ही गोष्ट या हिशेबात धरली जात नाही.

मुळात ‘गाभा’ हा शब्दच फसवा आहे. एनव्हीडिया कंपनीच्या २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५०९० या कार्डाच्या एकाच चिपवर गणिते करणारे २१,७६० लहान गाभे आहेत. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचे रंग क्षणार्धात ठरवावयाचे म्हणजे अशी फौज लागतेच. तेव्हा खरा प्रश्न चिपमधील गाभ्यांचा नसून, सिलिकॉनचे स्वतंत्र तुकडे जोडून त्यांच्याकडून एका चिपसारखे काम घेता येईल काय, हा आहे. आणि तो निष्कारण उपस्थित झालेला नाही. चिपचा आराखडा सिलिकॉनवर उमटविणाऱ्या प्रचलित यंत्रांना एका वेळी सुमारे ८५८ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठे क्षेत्र व्यापता येत नाही. उपरोक्त कार्डाची चिप आताच ७५० चौरस मिलिमीटरच्या घरात पोहोचली आहे. शिवाय तुकडा जितका मोठा, तितका त्यात दोष राहून तो वाया जाण्याचा संभव अधिक.

हा प्रयत्न नवाही नाही. १९९८ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने व्हूडू-२ ची दोन कार्डे जोडण्याची सोय केली. पडद्यावरील सम ओळी एकाने व विषम ओळी दुसऱ्याने रेखाटावयाच्या, अशी ती वाटणी होती. खेळ त्या काळी साधे होते, म्हणून ती पुष्कळशी साधलीही. २००० साली कंपनीने दोन चिपांचे व्हूडू-५ आणले. चार चिपांचे कार्ड मात्र विक्रीस आलेच नाही, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने आपली मत्ता एनव्हीडियाला विकण्याचे जाहीर केले. पुढे २००४ साली एनव्हीडियाने व २००५ साली एटीआयने कार्डे जोडण्याच्या आपापल्या पद्धती आणल्या. २००८ साली एएमडीने रेडिऑन एचडी ४८७० एक्स-२ या एकाच कार्डावर दोन चिपा बसविल्या.

तरीही दोन चिपांचे काम सर्वत्र दुप्पट झाले नाही. खेळातील हलते चित्र एकामागून एक येणाऱ्या चौकटींचे बनलेले असते. पहिली चौकट एका चिपने रेखाटावयाची, दुसरी दुसऱ्या चिपने, अशी वाटणी सामान्यतः होत असे. त्यामुळे सेकंदातील चौकटींची सरासरी संख्या वाढे. परंतु दोन चौकटींमधील अंतर कधी लांबे, कधी आखडे, आणि डोळ्याला तो अडखळ जाणवे. सेकंदाला ६० चौकटी म्हणजे एकीच्या वाट्याला अवघे १६.७ मिलिसेकंद येतात. त्यातच नवे खेळ मागील चौकटीतील माहिती घेऊन पुढील चौकट पुरी करू लागले. म्हणजे एका चिपचे काम होईपर्यंत दुसरीला वाट पाहणे आले. स्मृतीचीही तीच कथा. एचडी ४८७० एक्स-२ वर २ गिगाबाइट स्मृती होती खरी, पण तीच माहिती दोन्ही चिपांजवळ ठेवावी लागे, आणि उपयोगास येई ती १ गिगाबाइटच. २०१५ साली आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने ही वाटणी खेळ रचणाऱ्यांच्या हाती सोपविली. मूठभर ग्राहकांसाठी तो खटाटोप करण्यास फार थोडे तयार झाले. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर जोडणीची खाचही उरली नाही.

मग हा विचारच सोडून द्यावयाचा काय? तसे नाही. २०२२ साली ॲपलने एम-१ अल्ट्रा या चिपमध्ये दोन तुकडे सेकंदाला अडीच टेराबाइट माहिती वाहून नेणाऱ्या सांध्याने जोडले, आणि खेळाला वा अन्य कार्यक्रमाला ते एकच दिसतात. एनव्हीडियाने २०२४ साली जाहीर केलेल्या बी-२०० चिपमध्ये असाच सांधा सेकंदाला १० टेराबाइटचा आहे. पण ती चिप कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते करणाऱ्या संगणककेंद्रांसाठी आहे, खेळाडूंसाठी नव्हे. ही गणिते आधीपासून आखून वाटता येतात. खेळाडूच्या बोटाबरोबर दृश्य बदलणाऱ्या खेळात तशी सवड नसते. एएमडीने डिसेंबर २०२२ मधील रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स मध्ये सात तुकडे वापरले, पण त्यांतील सहा स्मृतीशी निगडित होते. रेखाटणारा भाग तिने अखंडच ठेवला. आणि २०२५ च्या आरएक्स ९०७० मध्ये ती पुन्हा एकसंध चिपकडे वळली.

सांधा पुरेसा रुंद नसेल, तर अनेक गाभे म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होय, हाच या इतिहासाचा धडा. म्हणून पुढील कार्डाविषयी भाकीत कानी येईल, तेव्हा तुकडे किती हे विचारू नये. खेळाला ते एकच चिप म्हणून दिसतील काय, स्मृती सर्वांना सामाईक असेल काय, आणि चौकटी समान अंतराने येतील काय, हे तीन प्रश्न विचारावेत. आरटीएक्स ५०९० ची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत १,९९९ डॉलर होती. इतका पैसा ज्या वस्तूला पडतो, तिच्याबाबत बाजारातील तुरींवर घरात मनसुबे रचणे परवडणारे नाही. ज्या विद्यार्थ्याला वा पालकाला आज कार्ड घेणे आहे, त्याने आजच्या खेळांत आज सिद्ध झालेला वेग पाहून ते घ्यावे. उद्याच्या गाभ्यांची किंमत आज मोजण्याचे त्याला कारण नाही.