बोलणारा वऱ्हाड, ऐकणारे यंत्र

5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली, त्याला दशक पूर्ण होत असताना, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये राजपत्रात उमटूनही त्यांचा पुरता अंमल मे 2027 पर्यंत लांबणीवर पडलेला असताना, बुलढाणा जिल्ह्यातील आम्हां मंडळींना या दहा वर्षांची झडती घ्यावीशी वाटली तर त्यात नवल नाही. कारण घाटावरच्या चिखली-मेहकरापासून घाटाखालच्या मलकापूर-शेगावापर्यंत या काळात घरोघर फोनमधला एक बोलका सेवक येऊन राहिला आहे, जो बिनपगारी राबतो खरा, पण ऐकलेले सारे परमुलखातील दप्तरी जमा करतो.

तत्पूर्वीच्या वर्षांविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. 2000 साली माहिती-तंत्रज्ञानाचा कायदा आला, 2004 साली किसान कॉल सेंटर निघाले, 2011 साली संवेदनशील माहितीविषयी काही नियम झाले आणि कचेऱ्यांच्या कपाटांत सुखाने निजले. तहसील कचेरीबाहेरचा अर्जनवीस हाच त्या काळचा खरा सहायक. बांधाचा तंटा, सावकाराचे देणे, भावाभावांतील वाटणी हे सारे त्याच्या कानी पडे. परंतु तो आठवडी बाजारात समोरासमोर भेटणारा असल्यामुळे, बोभाटा झाल्यास जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न पक्षकाराला पडत नसे.

2017 साल मात्र विसरता येत नाही. बोंडअळीने वऱ्हाडची कपाशी पोखरली ते हेच वर्ष, आणि डिसेंबरात जिओफोनवर गूगलचा सहायक हिंदी-इंग्रजीतून बोलू लागला तेही हेच. त्याच वर्षी 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. 2015 मध्ये असा हक्कच नाही म्हणून सरकारपक्ष न्यायालयात उभा राहिला होता. खाजगीपणा हे वरच्या वर्गाचे चोचले आहेत, हा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला. तरीही, कास्तकाराला भाव हवा, खाजगीपणा घेऊन तो काय करणार, असे व्याख्यानांतून सांगणारे शहाणे आमच्याकडे पुढे कितीतरी वर्षे हार-तुरे स्वीकारीत होते. थकलेले कर्ज, घरातले आजारपण आणि मुलीच्या लग्नाची बोलणी झाकून ठेवण्याची गरज बंगल्यात जितकी असते, त्याहून कुडाच्या घरात अधिक असते, हे त्यांना कधी सुचले नाही.

ऑगस्ट 2018 मध्ये तो सहायक मराठी बोलू लागला, तेव्हा ज्यांना अक्षरे जुळवणे कष्टाचे होते त्यांना केवढा हर्ष झाला! घाटाखालच्या वऱ्हाडीशी तो अडखळे. अधिक ऐकेल तर अधिक सुधारेल, असे समाधान त्यावर मिळे. हे ऐकणे म्हणजे काय, ते जुलै 2019 मध्ये बेल्जियमच्या सार्वजनिक वृत्तवाहिनीने उघड केले. तिच्या हाती आलेल्या हजारावर ध्वनिमुद्रणांपैकी 153 संभाषणे हाक न मारताच टिपली गेली होती, आणि कंत्राटी माणसे ती ऐकत होती. बोभाटा झाल्यावर कंपन्यांनी संमतीचे पर्याय पुढे केले, आणि त्यांची सेवा काही त्यामुळे बुडाली नाही. 2019 पासून, आणि ठळकपणे 2021 मध्ये, महागड्या फोनांत बोलणे यंत्रातल्या यंत्रातच उकलण्याची सोय झाली. ती आधी मिळाली इंग्रजीला व मोजक्या बड्या भाषांना, मराठीला नव्हे. सेवा हवी की गुप्तता, असा पेच आम्हांला निसर्गनियमासारखा सांगण्यात आला, तो वस्तुतः खर्चाचा हिशेब होता; ज्याची भाषा बाजारात स्वस्त, त्याचेच बोलणे दूरच्या सर्व्हरकडे धाडले गेले. मार्च 2025 मध्ये ॲमेझॉनने, बोलणे बाहेर न धाडण्याची अमेरिकेतील काही उपकरणांवर असलेली मुभाही काढून घेतली, तेव्हा दिलेली सवलत हक्क नसते, हे पुन्हा सिद्ध झाले.

माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याची वाटचाल तर बैलगाडीलाही लाजवील अशी झाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा मसुदा 2018 चा, विधेयक 2019 चे, ते मागे घेतले 2022 मध्ये, आणि कायदा झाला ऑगस्ट 2023 मध्ये. त्यात चांगले ते मुक्तकंठाने मान्य केले पाहिजे: संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, मागता येते, आणि दूरवैद्यकाच्या ॲपने फोनमधील संपर्कयादी मागितली व रुग्णाने होकार दिला, तरी त्या सेवेला अनावश्यक असलेला तेवढा होकार निरर्थक ठरतो, असे उदाहरण खुद्द कलम 6 मध्ये आहे. परंतु कलम 7 अन्वये अनुदान व शासकीय सेवांसाठी काही परिस्थितींत संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. शेतकऱ्याच्या शंकांना मराठीतून उत्तर देणारे महाविस्तार ॲप 2025 मध्ये राज्य शासनानेच आणले, ही गोष्ट इष्टच झाली. पण पीक, जमीन व ओळखक्रमांक जिथे एकत्र येऊ शकतात, तिथे खाजगी कंपनीहून सरकारवर अधिक कडक बंधन हवे होते, सैल नव्हे.

म्हणून मे 2027 ची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही. सूचना मराठीत मिळण्याची तरतूद झालीच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला ती यंत्राने बोलून ऐकवावी, होकार जसा तोंडी घेता तसा नकारही तोंडी घ्यावा, आणि नकार देणाऱ्याला कपाशीवरील अळीचे उत्तर तितक्याच तत्परतेने द्यावे. ही शेवटची अट जो सेवक पाळणार नाही, त्याच्या सेवेचे मोल कास्तकाराच्या घरातील गोष्टी विकूनच वसूल होत आहे, असे खुशाल समजावे.